छोटी एसयूव्ही घेताना सुरक्षेचं नेमकं काय बघावं? (मुंबई, पाच जणांचं कुटुंब)

शीवकर
नमस्कार मंडळी. घरात गाडी घ्यायचं पक्कं झालंय. चार मीटरच्या आतली एसयूव्ही, पेट्रोल, ऑनरोड बारा-साडेबारा लाखांपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गटातल्या १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे आधी परवडत नव्हती ती व्हेरिएंटंही आता यादीत आली आहेत. घरात आम्ही दोघं, आईबाबा (सत्तरीच्या आसपास) आणि चार वर्षांची लेक. रोज शीव ते बीकेसी, अधूनमधून पुणे, आणि गणपतीत व मे महिन्यात राजापूर.

शोरूममध्ये सनरूफ आणि स्क्रीनवर अर्धा तास बोलतात. सुरक्षेचं विचारलं की "सर, सिक्स एअरबॅग, फाइव्ह स्टार" इतकंच. एका ठिकाणी मागच्या मधल्या सीटला तीन टोकांचा (खांदा आणि कंबर दोन्हींवरून येणारा) पट्टा आहे का विचारलं, तर तिथल्या मुलाला ते माहीतच नव्हतं. मायलेज, सर्व्हिस, रीसेल यांवर इथे भरपूर धागे आहेत, त्यामुळे इथे फक्त सुरक्षेवर बोलूया. पैसे मर्यादित असतील तर कशावर खर्च करावेत आणि कशावर नाही?

यंत्रवेडा
चांगला विषय. आधी स्टारचं समजून घ्या.

भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून त्यांना स्टार देणारी आपली सरकारी चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं. समोरची धडक ताशी ६४ किमीला, आणि तीही पूर्ण रुंदीवर नाही, गाडीच्या पुढच्या भागाच्या ४० टक्क्यांवर. बाजूने ५० ला, आणि खांबावर आडवी २९ ला. मोठ्यांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण. पाच स्टारला मोठ्यांचे किमान २७ आणि मुलांचे ४१ लागतात. म्हणून नुसते स्टार मोजू नका, दोन्ही आकडे बघा. तुमच्या गटातल्या स्कोडा कायलॅकला ३०.८८ आणि ४५ मिळाले, महिंद्राच्या एक्सयूव्ही ३एक्सओला २९.३६ आणि ४३. टाटा नेक्सॉनही पाच स्टार आहे. ही चाचणी ऐच्छिक आहे, त्यामुळे प्रत्येक गाडीला स्टार असतीलच असं नाही.

दुसरं, स्टार कधीचे तेही बघा. ग्लोबल एनकॅप या अशाच चाचण्या घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जुलै २०२२ मध्ये नियम कडक केले. त्याआधी भर मुख्यतः समोरच्या धडकेवर होता. नंतर खांबाची चाचणी, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), पादचाऱ्यांचं संरक्षण हेही आलं. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये जुन्या नियमांनी पाच स्टार मिळाले होते, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या नियमांनी पुन्हा मिळाले. जुन्या गाडीची जाहिरात वाचताना हे वर्ष तपासाच.

आणि तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चाचणी ६४ ला होते. वेग १०० झाला की गाडीतली ऊर्जा जवळजवळ अडीचपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. एक्सप्रेसवेवर १२० ने जाणाऱ्याला पाच स्टारच्या गाडीतही त्या चाचणीतलं संरक्षण मिळत नाही.

नि३
माझं मत थोडं वेगळं आहे. शीव ते बीकेसी गाडी तिशीच्या वर जाते कुठे? एवढा जीव स्टारमध्ये कशाला अडकवायचा? कॅमेरा, सेन्सर, चांगले ब्रेक असले की शहरात पुरे. उरलेले पैसे ऑटोमॅटिकसाठी ठेवा, गुडघे वाचतील.

कुर्ला_बॉडीशॉप
नि३, मी अपघाताच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करतो. दिवसा मुंबई तिशीने चालते हे खरं. पण टो होऊन येणाऱ्या वाईट गाड्या बहुतेक रात्री अकरा ते पहाटे पाचच्या असतात. ईस्टर्न फ्रीवे, पूर्व द्रुतगती, घोडबंदर. तेव्हा हेच रस्ते मोकळे असतात. कोस्टल रोडवर मर्यादा ८० ची आहे, अटल सेतूवर १०० ची. मुंबईकराची गाडी आता तिशीची राहिलेली नाही.

शीवकर, तुमच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण हे कुठल्या ब्रोशरमध्ये मिळणार नाही.

ठोकलेली गाडी आली की मी पहिल्यांदा दारं उघडून बघतो. बॉनेट पार आत गेलेलं असेल, रेडिएटर इंजिनाला चिकटलेला असेल, तरी चारही दारं हाताने उघडली तर माणसं बसतात तो पिंजरा शाबूत आहे. पुढचा भाग चेपलाच पाहिजे, तो त्यासाठीच असतो. जिथे विंडस्क्रीनच्या बाजूचा खांब वाकलेला दिसतो, दार कटरने कापावं लागतं, पायांजवळची फरशी वर उचललेली असते, तिथे एअरबॅग किती होत्या याला फारसा अर्थ उरत नाही. ग्लोबल एनकॅपच्या अहवालात बॉडीशेल स्थिर की अस्थिर हे स्पष्ट लिहिलेलं असतं. ती ओळ आधी वाचा, एअरबॅगचा आकडा नंतर.

मग मी पट्टे बघतो. पुढचा पट्टा लावलेला असेल तर तो अर्धवट बाहेर येऊन जाम झालेला असतो. प्रीटेन्शनरमध्ये थोडी स्फोटक दारू असते, धडकेच्या क्षणी ती पेटते आणि पट्टा आत खेचून माणसाला सीटला आवळते. पट्ट्यावर जिथे कडी घासली तिथे चकचकीत, वितळल्यासारखी खूण असते. ही खूण दिसली की मला बरं वाटतं.

नंतर मागची सीट. तिथे बहुतेक वेळा पट्टा नवाकोरा, घडी न मोडलेला. बकल शोधावं लागतं, कव्हरच्या खाली फटीत गेलेलं असतं. आणि पुढच्या सीटच्या पाठीवर दोन खोलगट खड्डे, आतली लोखंडी चौकट वाकलेली. ते मागच्या माणसाचे गुडघे असतात. म्हणजे मागचा स्वतः तर गेलाच, पुढच्या पट्टा लावलेल्या माणसाच्या पाठीवरही आदळला.

उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात सगळ्यांना आठवत असेल. ४ सप्टेंबर २०२२, अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल. गाडी महाग, एअरबॅगांनी भरलेली. पुढचे दोघं वाचले. मागचे दोघं गेले, आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्यांनाही पट्टा सक्तीचा केला. कायद्यात तो आधीपासूनच होता, न लावल्यास १,००० रुपये दंड.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. पाचही जागांना तीन टोकांचे पट्टे आणि मागच्या पट्ट्यांचीही वाजणारी आठवण असलेली गाडी घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

यंत्रवेडा
बॉडीशॉप, ही पोस्ट छापून शोरूममध्ये लावली पाहिजे.

आर्याची_आई
बॉडीशॉप यांना अनुमोदन. माझा मुद्दा लेकीबद्दल. शीवकर, चार वर्षांची मुलगी गाडीत कुठे बसते सध्या?

शीवकर
आतापर्यंत भाड्याच्या गाडीतच गेलोय. बहुतेक वेळा आजीच्या मांडीवर. आजी घट्ट धरून बसते.

आर्याची_आई
तिथेच माझं काळीज धडधडतं. आजीच्या मायेत कमी काहीच नाही, पण हातांची ताकद अपुरी पडते. गाडी ५० ने जात असताना एक दशांश सेकंदात थांबली, तर १५ किलोच्या मुलाचा भार हातांवर साधारण २०० किलोइतका येतो. कोणीच धरू शकत नाही, पैलवानही नाही. आजीने पट्टा लावलेला नसेल तर आजीचं वजनही मुलीवर येतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तरी १,००० रुपये दंड आहे, पण दंडासाठी करू नका हे.

गाडी बघायला जाल तेव्हा मागच्या सीटच्या पाठीच्या आणि बसायच्या भागाच्या फटीत हात घाला. दोन धातूचे आडवे गज लागतील, ते आयसोफिक्स, चाइल्ड सीट अडकवायचे. ते सहज सापडतात का बघा. काही गाड्यांत ते फोमच्या इतके आत असतात की दर वेळी नखं मोडतात, आणि मग आठवड्याभरात सीट बसवणंच थांबतं. सीट नीट बसली की टक आवाज येतो आणि खूण लाल होती ती हिरवी होते. शिवाय गाडीच्या सीटच्या पाठीमागे चाइल्ड सीटचा वरचा पट्टा (टेथर) अडकवायला हूक आहे का तेही पाहा. अनेकजण तो लावतच नाहीत, आणि मग धडकेत सीट पुढे झुकते.

एनकॅपच्या चाचणीतही मागे दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांच्या आकाराचे डमी बसवतात. मुलांचे ते ४९ गुण त्यांच्यावरून आणि सीट बसवायच्या सोयींवरून येतात. तुमच्या घरासाठी मोठ्यांच्या गुणांइतकेच हेही बघा.

आणि तान्हं बाळ असलेल्या कुणी हे वाचत असेल तर, मागे तोंड करून बसायची सीट पुढच्या प्रवासी सीटवर एअरबॅग चालू असताना कधीही लावू नका. एअरबॅग सीटच्या पाठीवर आदळते आणि बाळाचं डोकं तिच्या थेट मागे असतं.

घाटवाट
राजापूरच्या प्रवासासाठी दोन शब्द. मी दर गणपतीत सावंतवाडीपर्यंत जातो.

ईएससीशिवाय गाडी घेऊ नका. एसयूव्हीचा गुरुत्वमध्य उंच असतो. पावसात वळणावर समोरून अचानक गुरं किंवा दुचाकी आली आणि स्टेअरिंग झटक्यात फिरवलं, तर मागचा भाग बाहेर जायला लागतो. ईएससी त्या क्षणी एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी रेषेत आणते. एबीएस हे करत नाही, तो फक्त चाकं लॉक होऊ देत नाही. भारत एनकॅपलाही वरच्या स्टारसाठी ईएससी लागतोच. नेक्सॉन, कायलॅक, ३एक्सओ यांत तो खालच्या व्हेरिएंटपासून आहे. इतर गाड्यांत व्हेरिएंटनिहाय यादी तपासा, सेल्समनच्या तोंडावर विसंबू नका.

मग टायर. इतकं सगळं तंत्रज्ञान तळहाताएवढ्या चार ठिकाणांवरून रस्त्याला धरून असतं. नवीन गाडी ताब्यात घेताना टायरच्या कडेचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिमी, पण कोकणातल्या पावसाला ती अपुरी आहे. मी ३ मिमीच्या आसपास आली की बदलतो, कारण पाणी बाहेर फेकायला खोबणीच उरली नाही तर गाडी पाण्यावर तरंगते आणि मग ब्रेक, ईएससी कशाचाच उपयोग नाही. टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा असलेलं व्हेरिएंट मिळालं तर घ्या, हळूहळू कमी होणारी हवा डोळ्याला दिसत नाही.

नि३
बॉडीशॉप यांची पोस्ट वाचून मत बदललं, पट्ट्यांबद्दल पूर्ण मान्य. पण आडासवर (कॅमेरा-रडारने चालकाला मदत करणारी यंत्रणा) लाख-दीड लाख जास्त घालावेत का, हे अजून पटत नाही. मित्राच्या गाडीत एलबीएस रोडवर दुचाकीवाला मध्ये घुसला की ब्रेक आपोआप लागतो, मागचा हॉर्न मारतो. लेन असिस्ट तर आपल्याकडे पट्टेच नसलेल्या रस्त्यावर काय करणार?

यंत्रवेडा
दोन्ही मुद्दे बरोबर, पण आडास म्हणजे एकच वस्तू नव्हे. चार मीटरच्या आत ह्युंदाई व्हेन्यूने २०२३ मध्ये ते पहिल्यांदा दिलं, मग किया सोनेट, ३एक्सओ. काहींत फक्त कॅमेरा असतो, काहींत कॅमेरा आणि रडार दोन्ही. रडार असेल तर अंधारात आणि पावसात समोरचं वाहन जास्त भरवशाने ओळखता येतं.

यातलं एकच काम मला खरोखर मोलाचं वाटतं, ते म्हणजे आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक. खंडाळ्याच्या चढावर रात्री ट्रक विशीने रांगत असतो, मागचे दिवे चिखलाने झाकलेले, आणि आपण साठने येतो. ट्रकच्या मागच्या भागाची उंची आपल्या बॉनेटच्या वर असते, म्हणजे आपला चेपायचा भाग कामालाच येत नाही, ट्रकची कडा थेट काचेवर येते. अशा धडकेत स्टार फारसे वाचवत नाहीत. तिथे अर्धा सेकंद आधी लागलेला ब्रेक वाचवतो.

लेन असिस्ट मी शहरात बंद ठेवतो, एक्सप्रेसवेला चालू करतो. आपोआप ब्रेकची संवेदनशीलता बऱ्याच गाड्यांत कमी-जास्त करता येते, मुंबईत ती कमी ठेवा पण पूर्ण बंद करू नका. काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं, विम्याच्या क्लेममध्ये ते धरलंय का आधीच विचारा.

बजेटमध्ये बसत असेल तर घ्या. पण ईएससी, सहा एअरबॅग आणि मागचे पट्टे सोडून आडास घ्यायचं असेल तर अजिबात नको.

पाणबुडी
जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी कोणी सांगेल का? माझं बजेट सहा लाख आहे.

कुर्ला_बॉडीशॉप
पाणबुडी, तारखा लक्षात ठेवा. एबीएस एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांत सक्तीचा. चालकाची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, वेगाची बीप, पुढच्या पट्ट्यांची आठवण हे १ जुलै २०१९ पासून. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग जुन्या मॉडेलांनाही २०२१ च्या अखेरीपासून. म्हणजे २०२२ किंवा त्यानंतरची गाडी बघा. सहा एअरबॅग मात्र आजही कायद्याने सक्तीच्या नाहीत. २०२२ मध्ये प्रस्ताव आला होता, पुढे सरकारने सक्ती करणार नाही असं जाहीर केलं.

गाडी घेण्याआधी इग्निशन चालू करून डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि काही सेकंदांत विझतो का बघा. पेटलाच नाही तर संशय घ्या. ठोकलेल्या गाडीत एअरबॅग न बदलता तो दिवाच काढून टाकलेला मी पाहिला आहे. पट्टा पूर्ण बाहेर ओढून शेवटपर्यंत बघा, त्यावर निर्मितीची तारीख असते. गाडी २०२२ ची आणि पट्टा २०२४ चा असेल तर बहुधा अपघात झालेला आहे.

शीवकर
मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आई म्हणते पट्टा मानेला घासतो आणि गुदमरल्यासारखं होतं. बाबांना मागे बसून मान अवघडते. कुणी डॉक्टर आहेत का इथे?

हाडवैद्य_माहीम
मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. पट्टा मानेला घासतो म्हणजे बहुधा तो चुकीच्या जागी बसतोय. खालचा पट्टा पोटावरून जाता कामा नये, कमरेच्या हाडांवर, मांड्यांच्या सुरुवातीला घट्ट हवा. वरचा पट्टा गळ्यावरून नको, खांद्याच्या मध्यावरून आणि छातीच्या मधून. साडीचा पदर जाड असेल तर पट्टा पदराच्या खालून घ्यायला सांगा, वरून घेतला की घसरत मानेकडे येतो. पुढच्या सीटला पट्ट्याची उंची खालीवर करता येते. आईंची उंची कमी असेल तर त्यांना पुढे बसवून बघा. खांद्याखालून, बगलेतून पट्टा घेऊ देऊ नका, धडकेत बरगड्या आणि यकृत दोन्हींना धोका असतो. गरोदर स्त्रियांनीही पट्टा लावायचाच, फक्त खालचा भाग पोटाच्या खालून.

बाबांसाठी मागच्या हेडरेस्टकडे बघा. काही गाड्यांत ते सीटलाच जोडलेले, बुटके असतात, मानेच्या मागे येतात आणि मागून धक्का बसला तर मान त्यांच्यावरून मागे वाकते. वर ओढता येणारे हवेत, आणि वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाला जुळली पाहिजे. सत्तरीतल्या माणसाच्या मणक्याला सिग्नलवर मागून बसलेला छोटा धक्काही महागात पडतो. टेस्ट ड्राइव्हला दोघांनाही सोबत न्या आणि अर्धा तास मागे बसवा.

आर्याची_आई
डॉक्टर, गरोदर बायकांचं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या वेळी मला सगळ्यांनी पट्टा काढायला सांगितलं होतं.

घाटवाट
गाडी आल्यानंतरच्या गोष्टी राहिल्या. सीट कव्हर लावताना सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली असते ती बघा. बाजूची एअरबॅग तिथून फुटते. साधं कव्हर ती कोंडून ठेवतं. बाजारात त्या जागी कच्च्या शिवणीची कव्हरं मिळतात, तीच घ्या. पुढे लोखंडी गार्ड लावू नका, त्यावर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे, आणि गार्डमुळे धडक सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही, पादचाऱ्याचे पाय तर मोडतातच.

डॅशबोर्डवरचा गणपती हा नाजूक विषय आहे, पण लिहितो. पुढच्या प्रवाशासमोर डॅशबोर्डवर एअरबॅगची रेघ असते. त्या झाकणावर संगमरवरी किंवा पितळी मूर्ती चिकटवली तर एअरबॅग ताशी २०० किमीहून जास्त वेगाने ती समोरच्याच्या चेहऱ्यावर फेकते. बाप्पा गाडीत हवाच. तो रेघेपासून दूर, मधल्या भागात आणि हलका ठेवा, किंवा सरळ तसबीर लावा.

कुर्ला_बॉडीशॉप
आणि पट्टा न लावताच त्याची बीप बंद करणारी ती पट्टी. बकलमध्ये खोचायची धातूची जीभ. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना आदेश देऊन अशा पट्ट्यांच्या विक्रीच्या १३,११८ नोंदी उतरवायला लावल्या. तरी ठोकलेल्या गाड्यांच्या बकलमधून मी त्या अजून काढतो. ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्याच्या बाजूचं बकल अधूनमधून तपासा.

नि३
एक भर घालतो, सोसायटीतल्या मुलांबद्दल. एसयूव्हीचं बॉनेट उंच असतं, चालकाच्या सीटवरून समोर दोन-तीन वर्षांचं पोर दिसतच नाही. मागच्या सेन्सरलाही वाकून बसलेलं मूल हमखास सापडतं असं नाही. वॉचमन "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत असतो आणि आपण त्याच्याकडे बघत असतो. ३६० अंशांचा कॅमेरा मिळाला तर सनरूफ सोडून तो घ्या. नाही मिळाला तर गाडी काढण्याआधी एक फेरी मारायची सवय लावा.

शीवकर
आज आईबाबा आणि लेकीला घेऊन दोन गाड्या बघितल्या. एका गाडीत मधला पट्टा छतातून येतो आणि आईच्या मानेवरच पडतो, ती बाद केली. दुसरीत आयसोफिक्सचे गज पटकन हाताला लागले, बाबांचं हेडरेस्ट डोक्यापर्यंत आलं, पाचही पट्टे तीन टोकांचे. मधलं व्हेरिएंट, आडास नाही, सनरूफ नाही, ईएससी आणि सहा एअरबॅग आहेत. उरलेल्या पैशांतून चांगली चाइल्ड सीट आणि मागेपुढे डॅशकॅम. बुकिंग उद्या. शेवटची शंका, लेक चार वर्षांची, १६ किलो. सीट किती वर्षं वापरावी? मधेच मोठ्यांचा पट्टा लावला तर चालेल का?

आर्याची_आई
अभिनंदन! वयावर जाऊ नका, उंचीवर जा. आत्ता पाचपट्टी हार्नेसची सीट, तिच्या लेबलवर लिहिलेल्या वजन किंवा उंचीच्या मर्यादेपर्यंत. त्यानंतर पाठ असलेला बूस्टर, म्हणजे मोठ्यांचा पट्टा गळ्याऐवजी खांद्यावर आणि पोटाऐवजी कमरेच्या हाडावर येतो. उंची १३५ ते १५० सेंमी होईपर्यंत बूस्टर ठेवा. तो काढायच्या आधी तिला सीटवर पाठ टेकवून बसवा. गुडघे सीटच्या कडेला सहज वाकतात आणि पट्टा खांद्याच्या मध्यावर राहतो, तर झालं. पाय लोंबकळत असतील आणि ती पुढे सरकून बसत असेल तर अजून बूस्टरच. सीट घेताना आर१२९ किंवा आर४४ या सुरक्षा मानकाचं नारिंगी लेबल आहे का बघा आणि जुनी वापरलेली घेऊ नका, अपघातात सापडलेली सीट बाहेरून ओळखता येत नाही.